उसन्या पुस्तकाची पूजा

माझे सासरे मनोहर टिपणीस, म्हणजे आमचे नाना, यांनी ओहायोतल्या एका शहराचं सांडपाणी चाळीस वर्षं सांभाळलं. हे ते पहिल्या भेटीतच सांगतात, समोरच्याच्या हातात खायची बशी असली तरी सांगतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा नाशिकला आमच्या घरी पोहे खाता खाता त्यांनी माझ्या बाबांना गाळाचे प्रकार समजावून दिले होते. बाबा बिचारे चमचा खाली ठेवून ऐकत बसले. शेवटी सासूबाईंनी "अहो, पोहे गार होतायत" म्हणून तो विषय बंद केला.

नानांना आवरणारं तेवढं एकच माणूस होतं. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, आणि नाना ओहायोचं घर विकून आमच्याकडे अ‍ॅशबर्नला राहायला आले. येताना दोन सुटकेसा, सासूबाईंची देवाची चांदीची उपकरणी आणि एक स्पिरिट लेव्हल एवढंच सामान आणलं. आल्या आल्या त्यांनी त्या लेव्हलनं आमचा मागचा डेक तपासला आणि तो घराच्या बाजूला उतरतोय असं जाहीर केलं. पाणी भिंतीत मुरेल म्हणाले. मुरतच होतं, पण ते मला त्या वेळी ऐकायचं नव्हतं.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. चुका काढायचे मला पैसे मिळतात, आणि घरी मी ते काम फुकट करते असं माझा नवरा नील म्हणतो. त्यात हे दुसरे चुका काढणारे घरात आले. मी घरूनच काम करते, त्यामुळे दिवसभर आम्ही दोघंच. मी लावलेला डिशवॉशर ते पुन्हा लावायचे. गॅरेजमधले स्क्रू त्यांनी लांबीप्रमाणे बाटल्यांत भरले. ते संपल्यावर मात्र त्यांना काही सुचेना. दर दोन तासांनी माझ्या दाराशी येऊन विचारायचे, "रुपाली, दूध आहे का? आणू का?" फ्रिजमध्ये दुधाचे तीन गॅलन होते. मी वैतागून "आहे हो नाना" म्हणायचे, आणि ते परत जाताना पायऱ्यांवर त्यांच्या सपातांचा आवाज आला की मला स्वतःचाच राग यायचा.

मग रुहीनं तो कोर्स घेतला.

रुही आमची मुलगी, अकरावीत आहे. इथे हायस्कूलमध्ये बसूनच कॉलेजचा कोर्स करता येतो. शिक्षक शाळेतले, पण अभ्यासक्रम आणि मार्क कॉलेजचे. तिनं इतिहास घेतला आणि विषय निवडला चेसापीकच्या खाडीतल्या कालवांवरून झालेल्या मारामाऱ्या. हो, कालवं. शिंपल्यातली. त्यांच्यावरून इथे एके काळी लोकांनी एकमेकांवर बंदुका चालवल्या होत्या म्हणे. शिक्षिकेची अट अशी की नुसत्या वेबसाइट चालणार नाहीत, खरी पुस्तकं वाचायची. शाळेच्या लायब्ररीत एकही नव्हतं, गावाच्या लायब्ररीत मुलांसाठीचं एक चित्रांचं होतं.

उरलं कॉलेजचं इंटरलायब्ररी लोन. म्हणजे आपल्या लायब्ररीत नसलेलं पुस्तक ते देशातल्या कुठल्याही लायब्ररीकडून उसनं मागवतात. ही सोय आजवर कॉलेजच्याच मुलांना होती. या वर्षी हायस्कूलमधून कोर्स करणाऱ्या मुलांनाही दिली, पण एक वर्ष करून बघू अशा बोलीवर. आणि पुस्तक शाळेत पोचवणार नाहीत. घरातल्या एका मोठ्या माणसानं आपल्या नावाचं कार्ड काढायचं आणि कॉलेजच्या काउंटरवरून पुस्तक न्यायचं, तेही ऑफिसच्या वेळात.

"दॅट्स सो डम्ब," रुही जेवताना म्हणाली. "तुम्ही दोघं तर कॉल्सवर असता. कोण जाणार?"

"मी जातो की," नाना म्हणाले. त्यांनी हातातली पोळीसुद्धा ताटात ठेवली होती.

अशी नानांच्या मंगळवारांची सुरुवात झाली. मंगळवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालायचे, गळ्यात कार्ड अडकवायचे आणि लायब्ररी उघडायच्या आधी दारात हजर व्हायचे. काउंटरवर कॅरोल नावाची बाई होती. तिच्याकडे घोडे होते. नानांनी तिला गाळाचे प्रकार सांगितले आणि तिनं त्यांना लिदीचं काय करायचं हे विचारलं, तेव्हापासून दोघांचं मेतकूट जमलं. चार मंगळवारांत बातमी पसरली. रुहीच्या वर्गातल्या आन्याची आई मोना मला म्हणाली, "यार रुपाली, तुझे सासरे जाताच आहेत तर आमचंही आणतील का? मी ऑथोरायझेशनचा ईमेल करते." मग वर्गातल्याच वीरचं, मग आणखी दोघांचं. दुपारी नाना घरोघरी पुस्तकं पोचवायचे. प्रत्येक घरी चहा. एकेकाळी आमच्या गल्लीत कुणाला ओळखत नव्हते, ते आता मला सांगू लागले की अमक्यांच्या बेसमेंटला ओल आली आहे.

दूध आहे का हे विचारणं बंद झालं. मला खरंच सुटल्यासारखं वाटलं.

आता नाना म्हटल्यावर पुस्तक आणलं आणि दिलं इतकं सरळ थोडंच असणार? पुस्तक घरात आलं की आधी त्याला कव्हर. श्रीवर्धनला लहानपणी जूनमध्ये वडील घालायचे तसं, खाकी कागदाचं. किराण्याच्या कागदी पिशव्या ते इस्त्री करून जपून ठेवायचे. लायब्ररीनं पुस्तकाभोवती परतीच्या तारखेची पट्टी लावलेली असते, 'काढू नये' असं तिच्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं. ती हलक्या हातानं सोडवून ते कव्हरवरून पुन्हा जशीच्या तशी बसवायचे. कॅरोलनं ते पाहिलं आणि हसून सोडून दिलं. कव्हर झालं की पुस्तक आधी नाना वाचणार. श्रीवर्धनला त्यांनी स्वतः खडकांवरची कालवं फोडून खाल्ली होती, त्यामुळे रुहीचा विषय त्यांना घरचाच वाटायचा.

"त्या खाडीत पोलिसांच्या बोटीचं पुढे काय झालं माहीत आहे का?" ते जेवताना सुरू करायचे.

"आजोबा, नो स्पॉयलर्स! इट्स माय पेपर!" रुही ओरडायची.

ऑक्टोबरात मेन राज्यातल्या एका छोट्या कॉलेजकडून एक जुनं पुस्तक आलं. त्या कॉलेजात मासेमारीचाच विषय शिकवतात. पिवळी पडलेली पानं, आत खलाशांचे फोटो, आणि पहिल्या पानावर त्या लायब्ररीचा जांभळा शिक्का. रुहीच्या पेपरचा अर्धा भाग त्यावर उभा होता. उरलेला अर्धा त्याच लायब्ररीतल्या दुसऱ्या एका पुस्तकावर, आणि ते अजून यायचं होतं.

त्याच आठवड्यात दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला पुस्तकांची आणि हत्यारांची पूजा असते. ती सासूबाई करायच्या. त्या गेल्यावर पहिल्या वर्षी आम्ही काहीच केलं नाही. या वर्षी नाना म्हणाले, "मी करतो." सकाळी सगळ्यांची धावपळ होती, मला नऊची मीटिंग, नीलला ट्रॅफिकच्या आधी निघायचं, रुहीची बस. नानांनी पाटावर सगळं मांडलं. स्पिरिट लेव्हल, नीलचा लॅपटॉप, माझा हेडसेट, गाडीच्या किल्ल्या आणि रुहीची पुस्तकं. आम्ही नमस्कार केले आणि पळालो. संध्याकाळी नानांनी मला आपट्याच्या पानांऐवजी मेपलची दोन पानं दिली आणि सोनं म्हणून घ्यायला लावली. मला ते आवडलं होतं, हे आता सांगून ठेवते, कारण पुढे मी फार चांगलं वागले नाही.

सोमवारी संध्याकाळी रुहीनं ते पुस्तक परत द्यायच्या आधी एक संदर्भ तपासायला उघडलं. आतून अक्षतेचा एक दाणा कीबोर्डवर पडला.

"ओ माय गॉड," ती म्हणाली. "आई! आई, कम हिअर!"

पहिल्या पानावर, जांभळ्या शिक्क्याच्या बरोबर वर, अगदी मध्यभागी, हळदीचं एक बोट आणि कुंकवाचं एक बोट. ओल्या बोटांचं. पान त्या जागी सुरकुतलं होतं आणि डाग मागच्या दोन पानांवर उतरला होता.

मी नानांना हाक मारली. कशी मारली ते शेजाऱ्यांना विचारा.

नाना वर आले, त्यांनी पान पाहिलं. "हो, मीच लावलं," ते म्हणाले. "कव्हर तर पिशवीचं आहे. पिशवीची पूजा कशाला करायची? पुस्तकाची करायची म्हणून पान उघडलं." इंजिनिअरच्या हिशोबाला ते बरोबरच होतं. वाक्य पुरं होईपर्यंत त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते खुर्ची धरून खाली बसले.

"नाना, हे आपलं पुस्तक आहे का?" मी म्हटलं. "उसनं आणलेलं, कुठल्या कुठल्या लायब्ररीचं! हळद निघते का कधी? तुम्हाला एवढं कळू नये?" आणखीही बरंच बोलले. ते सुरकुतलेलं पान बोटानं सपाट करत बसले, आणि त्यानं माझी आणखीच चिडचिड झाली.

खरी भीती मला आणि त्यांनाही एकच होती. नियम कार्डाच्या मागेच छापलेला होता. पुस्तक खराब झालं तर ज्याच्या नावाचं कार्ड, त्याचं बंद. नानांचं कार्ड गेलं की मंगळवार गेला. रुहीसाठी मी कशीबशी वेळ काढून गेले असते, पण नाना पुन्हा माझ्या दाराशी दुधाचं विचारत उभे राहिले असते. ते चित्र मला डोळ्यांसमोर नको होतं.

मी आधी एका जुन्या मासिकावर हळद लावून बेकिंग सोडा चोळून पाहिला. डाग लालभडक झाला.

"अल्कली आहे ते," नाना हळूच म्हणाले. "लालच होणार."

नील घरी आला, त्यानं पुस्तक पाहिलं आणि कपाळाला हात लावला. नीलचा जन्म इथलाच, त्याचा स्वभाव मिटवून टाकायचा. "बाबा, लिसन. लायब्ररीच्या बाहेर तो पुस्तकं परत टाकायचा ड्रॉप बॉक्स आहे ना, रात्री जाऊन त्यात टाकून देऊ. नोबडी चेक्स द फर्स्ट पेज. इतकं जुनं पुस्तक आहे, डाग आधीपासूनचा असेल असं वाटेल."

मला ती कल्पना वाईट वाटली नाही. खरं सांगायचं तर मी गाडीची किल्ली शोधायला लागले होते.

"नाही," नाना म्हणाले. त्या संध्याकाळी ते पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. "कॅरोल माझ्यावर विश्वास ठेवून पुस्तकं देते. उद्या मंगळवार आहे. मी नेहमीसारखा जाईन आणि तिला सांगेन. रुपाली, तू गाडी चालव. उद्या माझ्यानं नीट चालवली जाणार नाही."

मी अर्धा दिवस सुट्टी टाकली. डेटा सेंटरच्या त्या खिडक्या नसलेल्या लांबच लांब इमारती मागे पडत होत्या आणि नाना पुस्तक दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसले होते.

काउंटरवर त्यांनी कॅरोलला गुड मॉर्निंगसुद्धा केलं नाही. पुस्तक उघडून तिच्यासमोर ठेवलं. तिनं चष्मा लावला.

"हे काय आहे?"

"टर्मरिक."

"आणि हे लाल?"

"तेही टर्मरिकच. त्यात चुना मिसळला की लाल होतं," नाना म्हणाले, आणि पुढे रसायनशास्त्रात शिरणार तेवढ्यात मी त्यांचं कोपर दाबलं. मग त्यांनी दसरा काय असतो ते सांगितलं, पुस्तकांना आम्ही पायसुद्धा लावत नाही ते सांगितलं, आणि चूक माझीच आहे, नातीची नाही, हे तीनदा सांगितलं.

"म्हणजे तुम्ही आमच्या पुस्तकाची पूजा केलीत?" कॅरोल म्हणाली.

"तुमच्या नाही. मेनच्या."

कॅरोल हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. तिचा चेहराच उतरला. "मनोहर, मला हे त्यांना कळवावं लागेल," ती म्हणाली. "त्यांचं उत्तर येईपर्यंत तुमचं कार्ड थांबवावं लागेल. आय अ‍ॅम सॉरी. हे पहिलंच वर्ष आहे. हायस्कूलच्या मुलांना हे द्यायला नकोच म्हणणारे लोक इथे आहेत, आणि त्यांना नेमकं असंच काहीतरी हवं आहे."

नानांनी गळ्यातलं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. तिनं ते परत त्यांच्याकडे सरकवलं, तुमच्याकडेच राहू दे म्हणाली, पण त्यांनी घेतलं नाही.

पुढचा आठवडा वाईट गेला. नाना दूध विचारायलासुद्धा आले नाहीत. बेडवर बसून राहायचे, जेवायला बोलावलं की यायचे. डिशवॉशर मी मुद्दाम वेडावाकडा लावून ठेवला, तर त्यांनी तो तसाच चालू केला. मंगळवारी मोनाचा फोन आला, "नाना नाही का गेले आज? आन्याचं पुस्तक आलंय, तिचं प्रेझेंटेशन आहे यार!" मी तिच्यावर खेकसले. माझ्या सासऱ्यांना ती कुरिअर समजली होती का? फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तिनं काहीच वाईट विचारलं नव्हतं, रडू मलाच येत होतं. रुही शाळेतून आली, तिनं दप्तर टाकलं आणि थेट नानांच्या खोलीत गेली. "आजोबा," ती म्हणाली, "त्या पोलिसांच्या बोटीचं काय झालं? यू कॅन टेल मी. स्पॉयलर्स आर ओके." नाना म्हणाले, "आठवत नाही बेटा."

या माणसाला पन्नास वर्षांपूर्वीच्या पाइपांचे व्यास आठवतात.

गुरुवारी दुपारी माझ्या फोनवर अनोळखी नंबर आला. एरवी मी असे फोन उचलत नाही. तो उचलला.

"रुपाली? कॅरोल फ्रॉम द लायब्ररी. मनोहर फोन घेत नाहीयेत."

"ते हल्ली फोन बघतच नाहीत," मी म्हटलं.

"मेनहून उत्तर आलं. आम्ही फोटो पाठवले होते. त्यांनी नोंद केली आहे." मग ती वाचून दाखवू लागली. "पहिल्या पानावर डाग. वापरातला. मजकुराला धक्का नाही. पुस्तक पुढेही देण्यास हरकत नाही."

"वापरातला?" मी विचारलं.

"कॉफी सांडते, पान दुमडतं, त्याच प्रकारात. माझ्या वरिष्ठांशीही मी बोलले. मी म्हटलं, जो माणूस स्वतः येऊन सांगतो त्याचं कार्ड बंद करायचं असेल, तर मग चालू कुणाचं ठेवायचं ते तुम्हीच मला सांगा. कार्ड आजपासून चालू आहे, माझ्या ड्रॉवरमध्ये आहे." "त्यांना म्हणावं, पूजा करायची असेल तर लांबून करा. आणि रुहीचं दुसरं पुस्तक मेनहून आलं आहे. आन्याचं पण आहे, वीरचं पण. माझं शेल्फ भरून गेलंय, मनोहर नाहीत तर इकडे कुणी फिरकलेलंच नाही."

माझा जीव भांड्यात पडला. मी तिचे आभार मानले की नाही तेही आठवत नाही. पायऱ्या उतरून नानांच्या खोलीत गेले आणि दारातूनच सगळं सांगून टाकलं, उलटसुलट, आधी शेल्फ, मग डाग, मग कार्ड.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला, मग डोळे पुसले, मग पुन्हा चष्मा पुसला.

"बंद नाही केलं?" त्यांनी विचारलं.

"नाही हो नाना. चालू आहे."

"मला वाटलं गेलं," ते म्हणाले. "रुपाली, मला वाटलं, झालं, हेही गेलं."

मी त्यांच्या शेजारी बसले. आमच्या घरात मिठ्या मारायची पद्धत नाही, म्हणून मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि त्यांनी तो फिरवू दिला. एवढं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मग माझी दोनची मीटिंग होती, ती आठवली आणि मी वर गेले.

मीटिंगमध्ये कुणीतरी काहीतरी बोलत होतं तेव्हा खाली गॅरेजचं दार उघडल्याचा आवाज आला. मी माइक बंद केला आणि खिडकीतून ओरडले, "नाना, आज मंगळवार नाहीये!"

"ठाऊक आहे," ते गाडीतून म्हणाले. पायात अजून घरातल्याच सपाता होत्या. "पोरांची पुस्तकं तिथे पडून आहेत." आणि ते गेले.